वेल्डिंग केबल तापते, रॉड चिकटतो, आर्क तुटतो : मशीन उघडण्याआधी जॉइंट तपासा

आधी लक्षणं सांगतो.

रॉड टेकवला की चिकटतो. सोडवून परत टेकवला की कधी एकदम छान धरतो. चालू आर्क (रॉड आणि जॉब, म्हणजे जोडायचं लोखंड, यांच्यामध्ये पेटणारी विजेची ज्योत) मधेच मंद होतो आणि केबल जरा हलवली की पुन्हा जोर येतो. कालपर्यंत ११० अ‍ॅम्पिअरवर होणारं काम आज १४० वर नेल्याशिवाय होत नाही, आणि झालं तरी वेल्ड वरच बसतं, आत उतरत नाही. होल्डरची, म्हणजे रॉड धरायच्या चिमट्याची, मूठ हातमोज्यातूनही गरम लागते. मशीनच्या सॉकेटजवळ रबर जळाल्याचा वास येतो, तिथलं प्लास्टिक तपकिरी पडलेलं असतं. अर्थ क्लॅम्प (करंट परत नेणाऱ्या केबलचा चिमटा) जिथे लावला आहे तिथे ठिणग्या दिसतात. सीओटू मशीन (रॉडऐवजी सतत सरकणारी वायर आणि सीओटू गॅस वापरणारं) असेल तर वायर जॉबवर ठोकत राहते, फटफट आवाज येतो आणि ऑपरेटर दर आठवड्याला व्होल्टेजचा नॉब थोडा थोडा वर नेत असतो.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की फोन येतो, "दादा, मशीन गेलं वाटतं." पुण्याच्या भोसरी, चाकण, नऱ्हे, धायरी या भागांतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये याच तक्रारीसाठी माझं सतत जाणं होतं. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं, दोष केबलच्या जोडात असतो. त्याच शेडमधून काही महिन्यांनी तोच फोन पुन्हा येतो, तेव्हा आधीचा जॉइंट हातोडीने ठोकून वर टेप गुंडाळलेला सापडतो.

हा दोष आपोआप का बरा होत नाही, ते आधी समजून घेऊ. वेल्डिंगचा करंट मशीनच्या एका टर्मिनलमधून निघतो. केबल, होल्डर, रॉड, आर्क, जॉब, अर्थ क्लॅम्प आणि दुसरी केबल असं फिरून दुसऱ्या टर्मिनलला परत येतो. या वाटेवर सहा-आठ जोड सहज असतात आणि प्रत्येकातून पूर्ण करंट जातो. जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा १५० अ‍ॅम्पिअर चालू आहेत आणि एका जोडाचा रेझिस्टन्स ओहमचा फक्त हजारावा भाग आहे. तरी त्या बोटभर जागेत साडेबावीस वॉट उष्णता तयार होते, म्हणजे जवळजवळ २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नइतकी. त्या उष्णतेने तांबं काळं पडतं, ऑक्साइडचा थर चढतो, स्क्रूखालच्या तारा बसतात आणि पकड ढिली होते. रेझिस्टन्स वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की रेझिस्टन्स. म्हणून आजचा कोमट जॉइंट पुढच्या महिन्यात जळलेला मिळतो.

खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. सुरुवातीच्या फुकट आहेत आणि निम्मी प्रकरणं तिथेच सुटतात.

फुकटातल्या तपासण्या

सगळ्यात आधी रॉड बदलून पाहा. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ जातीचा रॉड दमट होतो, चिकटतो, फटफटतो, आणि लोक केबल उलगडत बसतात. कोरडा रॉड घ्या, ३.१५ मिमीचा साधा ६०१३ जातीचा असेल तर ११०-१२० अ‍ॅम्पिअरच्या आसपास लावा आणि स्वच्छ घासलेल्या पट्टीवर चालवा. दोष गेला तर पुढचं वाचायची गरज नाही.

शेडमध्ये तशाच जातीचं दुसरं मशीन असेल तर दोन्ही केबल काढून त्याला लावा. दोष केबलबरोबर गेला तर मशीन निर्दोष आहे. दोष जुन्या मशीनपाशीच राहिला तर केबलवर वेळ घालवू नका. पाच मिनिटांची ही अदलाबदल कुठल्याही मीटरपेक्षा खात्रीचं उत्तर देते. तरी ती कोणी करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चांगली मशीनं टेम्पोत घालून दुरुस्तीला जातात आणि तिथून "ओके" होऊन परत येतात.

आता उष्णतेची जागा शोधा. नेहमीच्या करंटवर चार-पाच रॉड सलग जाळा. मग मशीन बंद करा, भिंतीवरचा स्विचही बंद करा आणि केबलवरून हात फिरवत जा. आधी हाताची मागची बाजू नुसती जवळ न्या, कारण बिघडलेला लग (केबलच्या टोकाला बसवलेली धातूची नळी) कातडी भाजेल इतका तापलेला असू शकतो. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. फक्त चकचकीत तांब्या-पितळेवर तो खूप कमी तापमान दाखवतो, म्हणून शेजारच्या रबरावर नेम धरा. सॉकेट, सॉकेटपासून मीटरभर पुढची केबल, मधला भाग, होल्डरची मान, अर्थ क्लॅम्प, असं क्रमाने पाहा.

एकाच जागी गरम आणि दोन्हीकडे हातभर अंतरावर थंड असेल तर जॉइंट खराब आहे. पूर्ण केबल एकसारखी गरम असेल तर जॉइंटला दोष देऊ नका. केबल करंटच्या मानाने बारीक आहे किंवा तांब्याची नाही. केबल आणि जोड सगळे थंड, फक्त मशीनचा पंखा गरम हवा फेकतोय, असं असेल तर ड्युटी सायकल बघा. ६० टक्के लिहिलेलं मशीन त्या करंटला १० मिनिटांत ६ मिनिटंच चालवायचं असतं.

केबलचं भेंडोळं तसंच ठेवून वेल्डिंग करत असाल तर ते आधी पसरा. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, आणि जुन्या एसी ट्रान्सफॉर्मर मशीनवर ते भेंडोळं चोकसारखं (करंट अडवणाऱ्या कॉइलसारखं) काम करून करंटही खाली आणतं. भेंडोळं लोखंडी घोडीवर अडकवलेलं असेल तर आणखीच.

अर्थ क्लॅम्प, म्हणजे सगळ्यात दुर्लक्षित टोक

होल्डर वेल्डरच्या हातात असतो, म्हणून त्याची काळजी घेतली जाते. दुसरं टोक हेल्पर कुठेतरी टेकवतो. पण जाणाऱ्या केबलमधून जेवढा करंट जातो, तेवढाच येणाऱ्यातून परत येतो. मला सापडणाऱ्या दोषांत हे टोक सगळ्यात पुढे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

क्लॅम्प रंगावर, रेड ऑक्साइडवर, गंजावर किंवा नव्या प्लेटच्या निळसर-काळ्या पापुद्र्यावर लावलेला असेल तर तो टोकदार दोन-चार ठिपक्यांतून करंट ओढतो. ठिणग्या त्याच्याच असतात. ग्राइंडरने क्लॅम्पच्या जबड्याएवढी जागा पांढरी करा आणि तिथे लावा. क्लॅम्प वेल्डच्या जितका जवळ तितकं चांगलं.

आता जबडे उघडून बघा. स्प्रिंगच्या क्लॅम्पमध्ये केबल एकाच जबड्याला जोडलेली असते. चांगल्या क्लॅम्पमध्ये दोन जबड्यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. ती तुटली की दुसऱ्या जबड्याचा करंट मधल्या पिनेतून आणि स्प्रिंगमधून जायला लागतो. स्प्रिंग तापून मऊ पडते, पकड जाते, क्लॅम्प अजून तापतो. दाबून पाहिलं की स्प्रिंग ढिली लागत असेल तर ती बदलत बसू नका, क्लॅम्पच नवा घ्या. मोठ्या करंटला, म्हणजे २०० च्या वर, मी स्प्रिंगपेक्षा स्क्रूने आवळायचा जी क्लॅम्प देतो. मॅग्नेटचा क्लॅम्प टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारायला सोयीचा आहे, पण त्याच्या तोंडाला ग्राइंडिंगचा कीस चिकटतो. प्रत्येक वेळी पुसणार नसाल तर तो वापरू नका.

साइटवर, विशेषतः हिंजवडी-वाघोलीकडच्या मोठ्या बांधकामांवर, एक प्रकार नेहमी दिसतो. परतीची केबल आखूड पडली म्हणून सळया, अँगलचे तुकडे, पत्र्याच्या पट्ट्या एकमेकांवर टाकून करंट आणायचा. प्रत्येक टेकलेली जागा हा एक न आवळलेला जोड आहे. आर्क कधी येतो कधी जातो, हे तर झालंच. पण त्याहून वाईट म्हणजे करंट सोपी वाट शोधतो. क्रेनचा वायर रोप, मोटरची बेअरिंग, पाण्याची पाइप, इमारतीच्या अर्थिंगची बारीक हिरवी वायर, यांतलं काहीही ती वाट होऊ शकतं. १५० अ‍ॅम्पिअर त्या हिरव्या वायरमधून गेले तर ती जळते, आणि त्यानंतर त्या लाइनवरच्या प्रत्येक ड्रिल मशीनला शॉकपासूनचं संरक्षण राहत नाही. त्यामुळे केबल आखूड असेल तर केबल वाढवा, दुसरं काही चालणार नाही.

गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटचे कनेक्टर आधी काढा आणि क्लॅम्प त्याच भागावर, वेल्डजवळ लावा. चॅसिसच्या दुसऱ्या टोकाला लावला तर मधले बेअरिंग करंट खातात.

सॉकेट, नट, वॉशर : एक पाना आणि एक अ‍ॅलन की

मेनचा स्विच बंद करा. इन्व्हर्टर मशीनचा (नव्या इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीनचा) मेल कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाची पीन, सॉकेटमधून बाहेर काढा. तो आत घालून उजवीकडे साधारण पाव वळसा फिरवला की घट्ट चावला पाहिजे. नुसता आत ढकलून ठेवलेला कनेक्टर मी रोज कुठे ना कुठे पाहतो. फिरवला तरी पकड न येता गरगर फिरत असेल तर पिनेची खाच झिजली आहे. पीन काळी पडली असेल तर फिमेलही, म्हणजे ती जिच्यात बसते ते सॉकेटही, आतून तशीच असणार. जळलेल्या फिमेलमध्ये नवा मेल घातला तर काही दिवसांत तोही जळतो, म्हणून जोडीच बदला. कनेक्टरवर ३५-५० किंवा ५०-७० असे आकडे असतात, ती केबलची चौरस मिलिमीटरमधली (स्क्वेअर एमएम) जाडी. पिनेचेही लहान आणि मोठे असे दोन व्यास मिळतात, त्यामुळे जुना कनेक्टर दुकानात बरोबर न्या.

कनेक्टरचं रबर मागे सरकवा. आत अ‍ॅलन कीचे एक-दोन स्क्रू दिसतील. ते अर्धा वळसासुद्धा फिरले तर तुमचा दोष बहुधा तिथेच आहे. बारीक तारांचा गुच्छ दाबाखाली हळूहळू बसतो, म्हणून नवीन जोड केल्यावर काही दिवसांनी तो एकदा पुन्हा आवळावाच लागतो. हे एवढं एक काम केलं तरी अर्धे फोन बंद होतील.

जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर मशीनवर सॉकेटऐवजी नट-बोल्टचं टर्मिनल असतं. तिथे वॉशरचा क्रम बघा. लग थेट तांब्याच्या किंवा पितळेच्या तोंडावर बसला पाहिजे, त्याच्यावर साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. बऱ्याच ठिकाणी लगच्या खाली लोखंडी वॉशर सापडतो. म्हणजे सगळा करंट त्या गंजक्या लोखंडातून जातो. नट कितीही आवळला तरी तो जॉइंट तापणारच. वॉशर काढा, दोन्ही तोंडं पॉलिश पेपरने चमकवा, लग परत बसवा. एका बोल्टवर दोन-तीन लग एकमेकांवर चढवणंही टाळा.

नट आवळताना बोल्ट स्वतःच फिरायला लागला तर तिथेच थांबा. त्याबद्दल शेवटी सांगतो.

मीटर लावून नेमका जोड पकडणं

इथे एक गैरसमज आधी दूर करतो. मल्टिमीटरचा बीप वाजला म्हणजे जॉइंट चांगला, असं नाही. बीप काही ओहमपर्यंतही वाजतो, आणि ओहमच्या रेंजमध्ये मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.१-०.२ ओहम असतो. आपल्याला त्याच्या शंभराव्या भागाएवढा दोष शोधायचा आहे. ओहमचा फक्त शंभरावा भाग जोडात असला तर १५० अ‍ॅम्पिअरला तिथे दीड व्होल्ट पडतो आणि २२५ वॉट उष्णता तयार होते. जॉइंट जळत असतो आणि मीटर आनंदाने बीप देत असतो.

बरोबर पद्धत म्हणजे चालू करंटवर व्होल्टेज ड्रॉप मोजणं. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. इन्व्हर्टर आणि रेक्टिफायरला डीसी, ट्रान्सफॉर्मर मशीनला एसी. एक प्रोब जोडाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे उघड्या तांब्यावर धरा आणि दुसऱ्या माणसाला सलग एक रॉड चालवायला सांगा. एकट्याने हे करू नका. हात आणि मोजे कोरडे हवेत. दोन्ही प्रोब एकाच जोडाच्या दोन बाजूंना हवेत. चुकून एक होल्डरच्या केबलवर आणि दुसरा परतीच्या केबलवर लागला तर मीटरवर आर्कचं पूर्ण व्होल्टेज येईल.

१५० अ‍ॅम्पिअरच्या आसपास चांगला दाबलेला लग काही मोजके मिलिव्होल्ट दाखवतो, चांगला मेल-फिमेल कनेक्टर त्यापेक्षा थोडे जास्त. १०० मिलिव्होल्टच्या वर आकडा गेला की मी तो जॉइंट उघडतोच. आकड्यापेक्षाही तुलना जास्त बोलते: होल्डरच्या बाजूचा जोड २० आणि परतीच्या बाजूचा १८० दाखवत असेल तर वेगळं काही विचारायची गरज उरत नाही.

हाय फ्रिक्वेन्सी स्टार्टच्या (रॉड न टेकवता आर्क पेटवणाऱ्या) टिग मशीनवर हा प्रयोग करू नका. स्टार्टच्या वेळचं व्होल्टेज काही हजारांत असतं; मीटर जातो आणि हातालाही धोका आहे.

सीओटू मशीन वापरणाऱ्यांनी या मोजणीकडे जास्त लक्ष द्यावं. तिथे काम २०-२४ व्होल्टच्या आसपास चालतं. त्यातले दोन व्होल्ट जोडांत गेले तर आर्कचा स्वभावच बदलतो. ऑपरेटर नॉब वर नेतो, काम निभतं, जोड आणखी तापतो, नॉब आणखी वर जातो.

केबल खरंच तांब्याची आहे का?

पूर्ण केबल गरम होत असेल तर ही तपासणी करा. टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. बाहेरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. बाहेरून पांढरी आणि आतून तांबूस असेल तर घाबरू नका, ते कथिलाचा मुलामा दिलेलं अस्सल तांबं आहे. वजनावरूनही कळतं. ३५ स्क्वेअर एमएमच्या केबलमध्ये नुसत्या तांब्याचंच वजन मीटरला ३०० ग्रॅमच्या वर जातं, रबर वेगळं. तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही दुकानात केबल घेताना एक मीटर तोलून मागायला लाजू नका, आणि केबलवर आयएस ९८५७ छापलेलं आहे का ते बघा. वेल्डिंग केबलसाठीचं ते भारतीय मानक आहे.

अ‍ॅल्युमिनियमची केबल वापरूच नये असं मी म्हणत नाही, पण ती अ‍ॅल्युमिनियम म्हणून विकत घ्या आणि तांब्यापेक्षा साधारण दीडपट ते पावणेदोनपट जाडीची घ्या. तिचा लगही वेगळा लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या तारा तांब्याच्या लगमध्ये नुसत्या ठोकल्या तर त्यांच्यावरचा ऑक्साइड करंट अडवतो, दाबाखाली धातू सरकत राहतो आणि ओल आली की दोन धातूंच्या मध्ये गंज सुरू होतो.

लांबीचाही हिशोब करा. २५ स्क्वेअरची तांब्याची केबल, जाणारी ३० मीटर आणि येणारी ३० मीटर, १५० अ‍ॅम्पिअर: जवळपास ७ व्होल्ट केबलमध्येच संपतात. तीच ५० स्क्वेअर घेतली तर निम्मे. आर्कला स्वतःला पंचवीसेक व्होल्ट लागतात, हे लक्षात घेतलं की ७ व्होल्ट किती मोठे आहेत ते कळेल. जवळच्या कामाला, १५०-२०० अ‍ॅम्पिअरपर्यंत, मी ३५ देतो. पत्र्याच्या शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत किंवा मजल्यावर केबल न्यायची असेल तर ५०.

जॉइंट नव्याने करणं

काळी पडलेली केबल घासून परत वापरायचा मोह टाळा. टोक कापत मागे जा, जोपर्यंत तारा चमकदार दिसत नाहीत तोपर्यंत. तांब्यावर हिरवट-काळा थर हातभर आत गेलेला असतो कधी कधी. तेवढी केबल गेली तर गेली.

रबर सोलताना ब्लेड खोल घालू नका. ३५ स्क्वेअरच्या केबलमध्ये साधारण ०.२ मिमीच्या हजारावर तारा असतात. गोल चीर देताना बाहेरचा थर कापला जातो आणि तो जोड पहिल्या दिवसापासून कमी जाडीचा होतो. चीर अर्धवट द्या, केबल वाकवली की उरलेलं रबर स्वतः फाटतं. लगच्या नळीत जेवढी तार जाईल तेवढंच, वर दोन मिलिमीटर, उघडं करा.

तारा लगमध्ये जात नसतील तर काही तारा कापून बसवणारे लोक आहेत. हे कधीच करू नका. बारीक तारांचा गुच्छ घरातल्या वायरपेक्षा फुललेला असतो, त्याला रुंद तोंडाचा लग मिळतो, तो मागा. लग तांब्याचा, जाड भिंतीचा घ्या. हलका लग दाबताना फाटतो.

दाबणं हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल (लग दाबून बसवायचं यंत्र), केबलच्या मापाची षटकोनी डाय (साचा), आणि लांब नळी असेल तर दोन दाब. बरोबर दाबलेल्या लगमध्ये तारा आणि नळी यांच्यात हवा राहत नाही, म्हणून तिथे ऑक्साइड चढायला जागाच मिळत नाही. छिन्नीने किंवा व्हाइसमध्ये चपटा केलेला लग बाहेरून घट्ट दिसतो, पण मध्यभागी पोकळी राहते, आणि दोष पुन्हा तिथूनच सुरू होतो. टूल महाग आहे, प्रत्येक शेडने घ्यायची गरज नाही. इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ते असतं. केबल आणि लग घेऊन जा. काम झालं की लग व्हाइसमध्ये धरून केबल दोन्ही हातांनी जोरात ओढा. एक केसभरही सरकली तर परत करा.

सोल्डर करावं का, असं विचारतात. मी करत नाही. साधं टिन-लेडचं सोल्डर १८३ अंशांच्या पुढे वितळायला लागतं. जॉइंट एकदा बिघडायला लागला की सोल्डर वाहून जातं आणि केबल ओढाताणीत निसटते. शिवाय सोल्डर तारांतून वर चढून मऊ केबलची कडक काडी करतं. जिथे ती काडी संपते तिथे केबल रोज वाकते आणि तारा एकेक तुटत जातात.

मेल कनेक्टर आणि होल्डर यांत लग नसतो, स्क्रू थेट तारांवर दाबतो. तिथे तारांवर तांब्याची पातळ स्लीव्ह किंवा पट्टी गुंडाळूनच आत घाला. नाहीतर स्क्रूचं टोक तारांमध्ये घुसतं, त्यांना कापतं आणि दाब पसरत नाही. कनेक्टरचं रबर आधी केबलमध्ये ओवून घ्यायला विसरू नका.

केबल वाढवायची असेल तर मेल-फिमेल कनेक्टरनेच वाढवा, आणि फिमेल नेहमी मशीनकडून येणाऱ्या टोकाला ठेवा. जोड सुटला तर मशीनकडचं जिवंत टोक सॉकेटच्या आत झाकलेलं राहतं. उलटं केलं तर उघडी पीन जमिनीवर पडते, लोखंडाला टेकते. होल्डरच्या जवळ जोड नको. अमेरिकेतल्या बांधकाम सुरक्षेच्या नियमांत होल्डरपासून १० फुटांपर्यंत केबलला साधा जोड किंवा दुरुस्ती नको असं म्हटलं आहे; अपवाद फक्त इन्सुलेटेड कनेक्टरचा किंवा केबलइतकंच इन्सुलेशन असलेल्या जोडाचा. कारण सरळ आहे: तो भाग वेल्डरच्या खांद्यावर, मांडीवर, काखेत असतो.

आणि केबलचा ताण सॉकेटवर येऊ देऊ नका. मशीनच्या हँडलला किंवा पायाला केबलचा एक वळसा देऊन बांधा, म्हणजे ओढ बसली तरी जोड हलणार नाही.

पाऊस

जून ते सप्टेंबर हा या दोषाचा खरा हंगाम असतो. गणपतीच्या आधी मंडळांच्या देखाव्यांचे आणि मांडवांचे सांगाडे भर पावसात, रस्त्यावर, रात्री उभे केले जातात. केबल चिखलातून जाते, जोडावर कापडी टेप असतो, वेल्डर लोखंडी पाइपवर बसलेला असतो आणि मोजे ओले. जुन्या एसी मशीनचं आर्क नसतानाचं व्होल्टेज ८० च्या आसपास असतं. कोरड्या हाताला ते कधी कधी फारसं जाणवत नाही; भिजलेल्या अंगाला ते मारू शकतं. टेपने झाकलेला जोड अशा ठिकाणी चालणार नाही. आतून गोंद असलेली जाड हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) लावा किंवा पूर्ण रबरात झाकलेला कनेक्टर वापरा. रबराला भेग पडून तांबं दिसत असेल तर ती केबल त्या दिवशी बाजूला ठेवा. कार्यकर्त्यांना घाई असते हे मला माहीत आहे, पण भिजलेल्या वेल्डरला "एवढं उरकून टाक" म्हणू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पॅनेलवरचं सॉकेट किंवा बोल्ट हाताने फिरत असेल, तर आतला बसबार (करंट नेणारी धातूची पट्टी) सुटला आहे किंवा सुटायच्या बेतात आहे. बाहेरून आवळत राहिलात तर आतली जोडणी पिळून तुटते. मशीन उघडून ते स्वतः करू नका. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरवर सिंगल फेजला ३२५, थ्री फेजला ५८० व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतं. सर्व्हिस इंजिनिअरकडे ते उतरवायची पद्धत आणि साधन असतं.

मशीनच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, एमसीबी वारंवार पडत असेल, इनपुटची केबल किंवा प्लग गरम होत असेल, तर तो दोष वेल्डिंगच्या बाजूचा नाही. मशीन बंद करून लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. इमारतीची किंवा क्रेनची अर्थिंग वायर काळी पडलेली दिसली तरीही तेच. करंट क्रेनच्या रोपमधून किंवा लिफ्टिंगच्या साखळीतून गेल्याची शंका असेल तर ती वापरातून काढा आणि तपासून घेतल्याशिवाय तिच्यावर वजन उचलू नका. टाकीच्या आत किंवा पाण्यात उभं राहून करायच्या कामासाठी जुन्या केबलची डागडुजी करून भागवू नका.

नवा लग, नवी जोडी, स्वच्छ केबल असा जॉइंट नीट केला आणि तरी तीच जागा पुन्हा तापली, तर तिसऱ्यांदा तेच करू नका. उष्णता मशीनच्या आतून बाहेर येत असण्याची शक्यता मोठी आहे.

फोन करताना एवढं सांगा: मशीन कुठल्या प्रकारचं, कुठला रॉड किंवा वायर, किती अ‍ॅम्पिअर, केबल किती स्क्वेअरची आणि जाऊन-येऊन किती मीटर, किती वेळाने तापतं, आणि बरोबर कुठली जागा तापते. मिलिव्होल्ट मोजले असतील तर दोन्ही बाजूंचे आकडे द्या आणि जळलेला लग फेकून न देता बाजूला ठेवा. कापलेल्या लगचा आतला भाग बघून दाब कमी पडला होता, तारा कमी होत्या की पाणी शिरलं होतं, ते लगेच सांगता येतं.